औषधाचं कूळ, नरक्याचं मूळ

इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही कर्करोगावरची दोन औषधं. पहिलं मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात, दुसरं अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर. दोन्ही एकाच रेणूची लेकरं. त्या रेणूचं नाव कॅम्प्टोथेसिन. झाडातून आलेलं औषध म्हटलं की आपल्याला आजीचा बटवा आठवतो. कुठल्यातरी वैदूला किंवा आदिवासी पाड्याला ते आधीपासून ठाऊक असणार, शास्त्रज्ञांनी नंतर फक्त नाव दिलं असणार, असं आपण धरूनच चालतो. या रेणूच्या जन्माशी बटव्याचा संबंध नाही. तो शोधायला मुळात कुणी निघालंच नव्हतं.

शोध चालला होता कॉर्टिसोनचा. १९५० च्या दशकात संधिवातावर कॉर्टिसोनची ख्याती पसरली होती, पण ते बनवणं महाग पडे. स्वस्तात कॉर्टिसोन करता येईल असा कच्चा माल एखाद्या झाडात मिळतो का, हे पाहायला अमेरिकेच्या शेती खात्याने हजारो वनस्पतींचे अर्क काढायला घेतले. फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत हे काम मन्रो वॉल यांच्याकडे होतं. १९५७ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल त्यांना भेटले. अर्क तयारच आहेत तर त्यांतले हजारभर आम्हाला द्या, गाठींवर चालतात का पाहतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. वॉलनी ते पाठवले. कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा या चिनी झाडाचा अर्क त्यांत उठून दिसला. चीनहून आणलेल्या बियांची ही झाडं कॅलिफोर्नियात चिको इथल्या सरकारी बागेत वाढत होती.

शेती खात्यात कर्करोगाच्या कामाला वाव नव्हता. वॉल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि दोन वर्षांनी मनसुख वाणी तिथे रुजू झाले. वाणी नंदुरबारचे. १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी., मग इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. कॅम्प्टोथेकाचं लाकूड आणि साल पुन्हा मागवून या दोघांनी अर्क टप्प्याटप्प्याने वेगळा केला. प्रत्येक टप्प्यावर जो भाग उंदरांच्या ल्युकेमियावर चालेल तेवढा ठेवायचा, बाकीचा सोडून द्यायचा. शेवटी हाती आले फिकट पिवळे स्फटिक. क्ष-किरणांनी त्यांची रचना उलगडली आणि १९६६ मध्ये शोध प्रसिद्ध झाला. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध काढणारी जोडीही हीच. त्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये मांडली.

आता माणसांवरच्या चाचण्या व्हायच्या होत्या आणि तिथेच घोडं अडलं. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही; शिरेतून द्यायचं कसं? उपाय म्हणून त्याचा सोडियम क्षार केला. तो विरघळला, पण क्षार होताना रेणूतलं एक वलय उघडतं आणि औषधाचा जोर बहुतांशी त्या वलयातच असतो. म्हणजे गाठीपर्यंत पोचणारं औषध दुबळं. उलट मूत्राशयातल्या आम्लात ते वलय पुन्हा मिटायचं आणि औषध नको त्या जागी जोरात यायचं. रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागलं, रक्तपेशी घटल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच चाचण्या थांबल्या.

नेमक्या त्याच सुमारास मुंबईत या कथेला नवी शाखा फुटली. गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन भारतीय वनस्पतींतली अल्कलॉइडं तपासत होते. १९७२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की सह्याद्रीतल्या एका झाडात कॅम्प्टोथेसिन आहे, आणि तेही चिनी झाडाच्या कितीतरी पट. हे झाड म्हणजे आपला नरक्या. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातल्या माणसांना तो ओळखीचा. लहानखुरं झाड, फुलांना घाण वास, इमारती लाकूड म्हणून मोल नाही. शास्त्रीय नोंदीत मात्र तो जुना आहे. जॉन ग्रॅहम या मुंबईच्या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची केली, ती १८३९ ची. तिच्यात त्याने निम्मो या सहकाऱ्याच्या नावावरून या झाडाचं नाव ठेवलं. आजच्या ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’ या नावात निम्मो टिकून आहे.

पण ज्या औषधाच्या चाचण्या गुंडाळल्या गेल्या, त्याचा भरघोस साठा सापडून उपयोग काय? कॅम्प्टोथेसिनला परत उठवलं ते १९८५ मध्ये, ते काम कसं करतं हे कळल्यावर. पेशी दुभंगण्याआधी तिला डीएनएची नक्कल करावी लागते. सुंभाचे पदर उलगडत गेलो की पुढचा पीळ घट्ट होत जातो, तसंच डीएनएचं होतं. टोपोआयसोमरेज-१ हे विकर दोन पदरांपैकी एक तोडतं, पीळ सुटू देतं आणि पदर परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या तुटीत जाऊन बसतं आणि पदर जोडू देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा तिथवर आली की दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभंगत असतात, म्हणून घाव त्यांच्यावर जास्त बसतो. लक्ष्य कळल्यावर ते वलय शाबूत ठेवून विरघळणारी रूपं घडवण्यात अर्थ होता. इरिनोटेकॅन घडवलं जपानच्या याकुल्ट कंपनीने, दह्याच्या पेयाच्या छोट्या बाटल्या विकणाऱ्या त्याच कंपनीने. जपानमध्ये ते १९९४ मध्ये आलं. १९९६ मध्ये टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोघांनाही अमेरिकेची मान्यता मिळाली.

ही दोन्ही औषधं करायला झाडातलं कॅम्प्टोथेसिन लागतं. हा रेणू पहिल्यापासून प्रयोगशाळेत बांधणं रसायनशास्त्रज्ञांना १९७१ मध्येच जमलं होतं, पण कारखान्याच्या हिशेबात झाड स्वस्त पडतं. मग नरक्याला भाव आला. तोडलेल्या खोडांच्या ढलप्या वाळवून पोती भरली जाऊ लागली. मुळांतही औषध असल्याने झाड मुळासकट काढणं फायद्याचं, आणि मुळासकट गेलेलं झाड पुन्हा फुटत नाही. सातारा-कोल्हापूरकडे नरक्याच्या तस्करीच्या बातम्या येऊ लागल्या. वनस्पतीचा उपयोग लोकांना पटवा म्हणजे ती जगेल, असं आपण नेहमी ऐकतो. नरक्या मात्र निरुपयोगी होता तोवर सुखात होता.

झाडाला वगळून औषध मिळवायची एक वाट काही काळ दिसली. २००५ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यासह नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली, आणि ती स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवताना आढळली. अशी बुरशी टाकीत वाढवली की जंगलाला हात लावायचं कारणच उरणार नाही, ही आशा साहजिक होती. पुढे चिनी झाडातल्या एका बुरशीवर काम झालं, तेव्हा मेख कळली. झाडाबाहेर पिढ्यामागून पिढ्या वाढवत नेली की तिचं उत्पादन घटत जातं. रेणू घडवण्याच्या साखळीतलं एक विकर तिच्याकडे नाही; ती कडी यजमान झाड पुरवतं.

म्हणजे कूळ तोडून हे औषध अजून सहज बनत नाही. उरते लागवड. शेताच्या बांधावर नरक्या वाढवता येतो, पण तो तोडण्याजोगा व्हायला वर्षं लागतात आणि रोपापासून कुंपणापर्यंतचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. जंगलातल्या झाडाला चोराचा खर्च फक्त कुऱ्हाडीचा. ढलप्यांच्या बाजारात दोन्हीची किंमत सारखीच धरली गेली, तर लागवड करणारा तोट्यातच राहणार. खरेदीदार कंपनीने माल कुठल्या शेतातला आहे याचा दाखला मागायचा आणि त्या दाखल्याचे पैसे मोजायचे, इतकी साधी अट कराराच्या कागदात घातली, तरी या व्यवहारात नरक्याच्या बाजूने उभं राहणारं कुणीतरी असेल.