डीएनबी परीक्षा
भारतातील विशेषज्ञ डॉक्टरांची पात्रता देशभर एकाच मापाने ठरवणारी परीक्षा. पूर्ण नाव डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड. नवी दिल्लीतील राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती घेते. हे मंडळ १९८२ मध्ये स्वायत्त झाले.

एमबीबीएसनंतर नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो व मान्यताप्राप्त रुग्णालयात तीन वर्षे प्रशिक्षण होते. विद्यापीठाशी संलग्न नसलेली रुग्णालयेही त्यामुळे विशेषज्ञ घडवू शकतात. भिलाई (छत्तीसगड) पोलाद कारखान्याचे सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण. कामगार व त्यांच्या कुटुंबांवर उपचार करता करता तेथे उमेदवार शिकतात.

ही पात्रता मिळण्यासाठी उमेदवाराचा प्रबंध मान्य होणे आवश्यक असते. लेखी परीक्षेत प्रत्येकी १०० गुणांच्या, तीन तासांच्या चार प्रश्नपत्रिका असतात. त्यात उत्तीर्ण झाल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा होते. उमेदवार रुग्ण तपासून निदान मांडतो आणि परीक्षक त्याला उपचारांविषयी प्रश्न विचारतात.

विशेषज्ञांची पात्रता अशी विद्यापीठांबाहेर ठरवण्याची पद्धत इतरत्रही आहे. अमेरिकेत नेत्रविकारतज्ज्ञांचे पहिले प्रमाणन मंडळ १९१६ मध्ये स्थापन झाले; ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेजे अशा परीक्षा घेतात. भारतात अशाच प्रकारची संस्था असलेले मुंबईचे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स १९१२ पासूनचे आहे. मोठ्या शहरांबाहेर विशेषज्ञ घडवण्यात डीएनबीचा वाटा मोलाचा आहे.