दुसऱ्या अल्बमचा श्रोता

रॉक संगीतात एक समजूत रूढ आहे. पहिला अल्बम रचायला बँडला आजवरचे सगळे आयुष्य मिळालेले असते, दुसऱ्यासाठी मात्र जेमतेम वर्ष. म्हणून दुसरा अल्बम फसतो. समजूत सोयीची आहे, पण इतिहासाचा तिला तितकासा आधार नाही.

बीटल्सचेच पाहू. ‘प्लीज प्लीज मी’ या त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या चौदांपैकी दहा गाण्यांचे ध्वनिमुद्रण ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत झाले. हा झपाटा एका दिवसाचा नव्हता; त्यामागे हॅम्बुर्ग आणि लिव्हरपूलच्या क्लबांत रात्र रात्र वाजवल्याची मेहनत होती. दुसरा अल्बम ‘विथ द बीटल्स’ त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला आला. त्याचे ध्वनिमुद्रण दौऱ्यांच्या मधल्या सवडीत, जुलै ते ऑक्टोबर या काळात उरकलेले. त्याचे मापही पहिल्याचेच : आठ गाणी स्वतःची, सहा इतरांची. पहिला अल्बम ब्रिटनमध्ये ३० आठवडे अग्रस्थानी होता. त्याला तिथून हटवले ते या दुसऱ्याने. हाताशी वेळ नव्हता, तरी काही बिघडले नाही.

आता मँचेस्टरच्या स्टोन रोझेसकडे वळू. १९८३ मध्ये जमलेल्या या बँडचा पहिला अल्बम १९८९ मध्ये आला आणि ब्रिटिश संगीताच्या एका पिढीची ती ओळख ठरली. दुसरा अल्बम, ‘सेकंड कमिंग’, डिसेंबर १९९४ मध्ये आला. म्हणजे पहिल्याला सहा वर्षे आणि दुसऱ्याला साडेपाच. वेळ जवळपास तेवढाच, पण तो गेला कसा यात फरक होता. जुन्या कंपनीशी कोर्टकज्जा झाला. १९९१ मध्ये सुटका झाल्यावर बँडने गेफन या बड्या अमेरिकन कंपनीशी करार केला. पहिल्या अल्बमचे निर्माते जॉन लेकी दुसऱ्याचे काम अर्ध्यावर सोडून गेले. आणि जून १९९० पासून १९९५ पर्यंत बँडने एकही जाहीर कार्यक्रम केला नाही. ‘सेकंड कमिंग’मध्ये गिटारची कारागिरी भरपूर आहे, पण समोर कोणी बसलेले आहे, ही जाणीव क्वचितच होते. १९९६ मध्ये बँड फुटला.

याच गेफनने १९९१ मध्ये निर्वाणाचा दुसरा अल्बम काढला. पहिला अल्बम ‘ब्लीच’ (१९८९) सुमारे ६०० डॉलरांत सिॲटलमध्ये तयार झालेला. दुसऱ्या अल्बमच्या वेळी पैसा मोठा होता, स्टुडिओ लॉस एंजेलिसचा होता. म्हणजे बिघडायला कारणे पुरेशी होती. पण मधली दोन वर्षे हे लोक अमेरिका आणि युरोपच्या लहानमोठ्या क्लबांत वाजवत फिरले होते. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हे गाणे सिॲटलच्या श्रोत्यांनी १७ एप्रिल १९९१ रोजी ऐकले, तेव्हा अल्बमचे लॉस एंजेलिसमधले ध्वनिमुद्रण सुरूही झाले नव्हते. ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबरमध्ये आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेतल्या अग्रस्थानावरून खाली आणले.

या तीन बँडांवरून नियम बांधता येणार नाही. खुद्द बीटल्सनी १९६६ मध्ये दौरे बंद केले आणि पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’ घडवला. पण तोवर त्यांच्यामागे सात अल्बम आणि शेकडो कार्यक्रम होते. श्रोता त्यांच्या कानात मुरलेला होता. दुसऱ्या अल्बमच्या टप्प्यावर बहुतेक बँडांची तेवढी शिदोरी नसते.

नाटक तालमीत बसते, पण मुरते प्रयोगांत, हे मराठी रंगभूमीला नवे नाही. कुठे हशा येतो, कुठे शांतता पसरते, कुठे खुर्च्या करकरतात, हे संहितेत लिहिलेले नसते. पहिल्या अल्बममागे असे कितीतरी प्रयोग न मागता झालेले असतात, कारण अप्रसिद्ध बँडला पोटासाठी वाजवावेच लागते. यश आले की ही सक्ती संपते. दुसऱ्या अल्बमपुढचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो : कोणी भाग पाडत नसताना कच्चे गाणे घेऊन अनोळखी लोकांसमोर उभे राहायचे की नाही.