गाडीची खरखर आणि वायरलेसचं 'रिपीट करा'

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण विषय आपल्या सुरक्षेचा आहे. सवडीनं वाचा.

पोलिसांच्या गाडीजवळ दोन मिनिटं उभं राहिलं की वायरलेसवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "रिपीट करा, मेसेज क्लिअर नाही." आपण हसून पुढे जातो. सेट जुना असेल, असं म्हणतो. पण बऱ्याचदा दोष सेटचा नसतोच. खरखर गाडीचीच असते. आणि ही भानगड गाडीत रेडिओ बसला त्या दिवसापासूनची आहे.

ज्यांच्या घरी मीडियम वेव्हवर आकाशवाणी नागपूर लागायचं, त्यांना आठवत असेल. दारासमोरून स्कूटर गेली की रेडिओत तडतड व्हायची. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी पाडतो, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच. आता हीच ठिणगी सेटपासून तीन-चार फुटांवर पडत असेल तर काय होईल, विचार करा.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत रेडिओ बसवले. ते फक्त ऐकायचे होते, उत्तर देता येत नव्हतं. १९३० मध्ये गॅल्विन कंपनीनं 'मोटोरोला' नावाचा कार रेडिओ काढला, तेव्हा मोठी डोकेदुखी होती ती इंजिनाच्या तडतडीचीच. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन गावच्या पोलिसांकडे दोन्ही बाजूंनी बोलता येणारे सेट आले. आर्मस्ट्राँग यांच्या एफएम तंत्राचं पेटंटही त्याच वर्षीचं. ठिणगीचा गोंगाट लहरींची उंची बिघडवतो, आणि एफएम सेट उंचीकडे लक्षच देत नाही. म्हणून १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी गाड्यांत एफएम सेट घेतले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं तर गाडीवरच शिक्का मारला. ज्या जीपचा विजेचा गोंगाट दाबलेला असे, तिच्या नंबरपुढे 'एस' अक्षर रंगवलेलं असे. एस म्हणजे सप्रेस्ड. म्हणजे या गाडीत रेडिओ बिनधास्त बसवा. हीच विलीज जीप महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतली आणि पुढे जीप म्हणजे सरकारी गाडी असं समीकरणच झालं.

मग डिझेल आलं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नाही, म्हणून ती तडतड गेली. पण डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि त्याची शिट्टी सुरू झाली. ॲक्सिलेटर दाबला की आवाज चढतो, सोडला की उतरतो. आज तर गाडीत एलईडी दिव्यांची पट्टी, टॅब, डॅशकॅम, स्वस्तातले मोबाईल चार्जर अशी गर्दी आहे. प्रत्येक जण थोडा थोडा गोंगाट घालतो. सेट डिजिटल असला तर खरखर ऐकूच येत नाही, शब्द तुटतात किंवा मेसेज सरळ गायब होतो. हे जास्त धोक्याचं.

दोष शोधणं मात्र अवघड नाही. आधी इंजिन बंद करून सेट ऐका. मग इंजिन चालू करा. नंतर दिवे, वायपर, चार्जर एकेक करून लावा. कोणत्या वेळी आवाज आला ते लिहून ठेवा. मग अँटेनाची वायर काढा. आवाज तसाच राहिला तर तो सप्लायच्या वायरीतून येतोय, थांबला तर अँटेनातून. ही वायर काढलेली असताना बोलायचं बटण दाबू नका, सेट जळू शकतो. सप्लाय डॅशबोर्डमधून न घेता थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्यावा. अर्थिंगची जागा घासून स्वच्छ करावी. वाईट चार्जर फेकून द्यावा. अर्धी कामं एवढ्यातच होतात.

कोणी म्हणेल, आता मोबाईल असताना वायरलेस कशाला? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी परिसरात फोन लावून बघा, म्हणजे कळेल. वायरलेसवर एक बोलतो आणि सगळे ऐकतात. २६/११ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ करकरे, कामटे आणि साळसकर शहीद झाले. दहशतवाद्यांनी पळवलेल्या त्याच गाडीत मागे जखमी पडलेले अरुण जाधव होते. दहशतवादी गाडी सोडून गेल्यावर त्यांनी गाडीतल्या वायरलेसवरूनच कंट्रोल रूमला खबर दिली. अशा वेळी "रिपीट करा" म्हणायला वेळ नसतो.

म्हणून मागणी छोटी आहे. पोलीस, अग्निशमन, वनविभाग, कुणाचीही गाडी असो, वायरलेस बसवल्यावर इंजिन आणि सगळे दिवे चालू ठेवून चाचणी व्हावी आणि तिची नोंद लॉगबुकात असावी. गाडीत नवीन काहीही लावलं की पुन्हा चाचणी. ऐंशी वर्षांपूर्वी लष्कर एक अक्षर रंगवून जे सांगत होतं, ते आपल्याला एका रकान्यात लिहिता येणार नाही का?

वायरलेस विभागात काम केलेले कोणी इथे असतील तर कॉमेंटमध्ये अनुभव नक्की लिहा.