सरळ पैसेच द्या ना, सायकल कशाला?

कुणी चॅरिटी राइडसाठी सायकल शिकायला लागलं की गावात हा प्रश्न ठरलेला. पेशंटसाठी पैसेच उभे करायचेत ना? मग पावतीपुस्तक घेऊन फिरा की. चाळिशीत हेल्मेट घालून हायवेला घाम गाळायची काय गरज? प्रश्न चेष्टेत विचारला जातो, पण तो चुकीचा नाही. उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

१९८० साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार नावाच्या तरुणानं ३६ जणांना गोळा केलं. त्याची आई कॅन्सरनं गेली होती. स्प्रिंगफिल्ड ते प्रॉव्हिन्सटाऊन, साधारण साडेतीनशे किलोमीटर, दोन दिवसांत. जमले १०,२०० डॉलर, ते बोस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर संस्थेला दिले. हीच ‘पॅन-मास चॅलेंज’. ती दरवर्षी चालू राहिली आणि २०२४ मध्ये तिची एकूण रक्कम शंभर कोटी डॉलरच्या पुढं गेली.

पण नवशिक्यांची खरी गोष्ट कॅलिफोर्नियातली आहे. १९९४ साल. अमेरिकेत २५ ते ४४ वयाच्या माणसांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण तेव्हा एड्स होतं. आयुष्य लांबवणारी औषधं यायला अजून दोन वर्षं होती. घरचे लोक मुलाच्या मृत्यूचं कारण लपवायचे. अशा वेळी डॅन पॅलोटा यांनी ‘कॅलिफोर्निया एड्सराइड’ काढली. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस, सात दिवस. पहिल्याच वर्षी ४७८ जण निघाले आणि खर्च वजा जाता दहा लाख डॉलरच्या वर रक्कम हाती आली.

हे ४७८ जण काही शर्यतीतले खेळाडू नव्हते. ऑफिसात बसणारे, दुकान चालवणारे, शाळेनंतर सायकलला हात न लावलेले कितीतरी होते. शिकायचं कसं? तर पुढं या राइडभोवती सरावाची एक पद्धतच तयार झाली. शनिवार-रविवारी अनुभवी स्वयंसेवक नव्यांना घेऊन निघायचे. आधी थोडं अंतर, मग दर आठवड्याला जरा वाढवायचं. शनिवारी लांब गेलात तरी रविवारी पुन्हा निघायचं, कारण सात दिवसांच्या राइडमध्ये दुसऱ्या दिवसापासून थकलेल्या पायांनीच चालवायचं असतं. चढावर जोर लावून पेडल दाबायचं नाही. गिअर हलका करून पाय भराभर फिरवायचे. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, भूक लागायच्या आधी खायचं. बुटाला अडकणाऱ्या पेडलमधून पाय सोडवता न आल्यानं सिग्नलला उभ्या उभ्या आडवं होणं, हे तर प्रत्येकाच्या वाट्याला येतं. तिसऱ्या दिवशी ‘क्वाडबस्टर’ नावाचा चढ यायचा, म्हणजे मांड्या फोडणारा. नवखे महिनोन् महिने त्याच्याच धास्तीनं सराव करायचे.

२००२ पासून ही राइड ‘एड्स/लाइफसायकल’ नावानं चालली. अंतर ५४५ मैल, म्हणजे पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास. आपला अख्खा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, यावरून अंदाज घ्या. त्यात एचआयव्हीबाधित लोकही सायकल चालवायचे.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. सायकल कशाला?

पट्टीचा सायकलपटू पावणेनऊशे किलोमीटर गेला तर कुणाला नवल वाटत नाही. जिना चढताना धापा टाकणारा शेजारी जातो म्हणाला की माणूस थांबून विचारतो, “अरे, कशासाठी?” आणि तेव्हा त्याला ‘एड्स’ हा शब्द तोंडानं उच्चारावा लागायचा. आईपुढं, बॉसपुढं, चर्चमधल्या ओळखीच्यांपुढं. राइडला जायचं तर ठरलेली किमान रक्कम जमवावी लागायची, त्यामुळं एका घरी बोलून भागत नव्हतं. जो शब्द लोक कुजबुजत घ्यायचे, तो हजारो घरांच्या दारात मोठ्यानं बोलला गेला. पावतीपुस्तकानं हे झालं नसतं.

सायकलवरून माणसांशी बोलता येतं, हे आपल्याला नवीन नाही. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे कन्याकुमारीहून काश्मीरकडं ‘भारत जोडो’ घेऊन निघाले, तेव्हा शंभरावर तरुण मुलं-मुली सायकलवर होती. पाच हजार किलोमीटर. पाठीच्या दुखण्यानं बसता येत नसलेले बाबा गाडीत आडवे पडून सोबत होते. तिथं पैसा मागायचा नव्हता, गावोगाव थांबून बोलायचं होतं.

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि पत्रकार म्हणून ती सांगायलाच हवी. एड्सराइडच्या जाहिराती, तंबू, जेवण, पगार, सगळ्याला पैसा लागायचा. पॅलोटा स्वतःच सांगतात की जमलेल्या रकमेतला ४० टक्के भाग लोक जोडण्यावर आणि व्यवस्थेवर जायचा. त्यांच्या काही राइड्समध्ये तर संस्थांच्या हाती फारच थोडं उरलं. ओरड झाली, २००२ मध्ये कंपनी बंद पडली, साडेतीनशे लोकांची नोकरी गेली. पॅलोटांचं म्हणणं आजही तेच आहे, की खर्च केल्याशिवाय मोठी रक्कम उभी राहत नाही. तिकडं पॅन-मास चॅलेंज स्वाराने जमवलेला सगळा पैसा रुग्णालयाला देते आणि व्यवस्थेचा खर्च वेगळा उभा करते. दोन्ही वाटा लोकांसमोर आहेत. मला विचाराल तर दुसरी बरी, पण ती पहिल्या दिवसापासून जमेलच असं नाही. खर्च लपवायचा नाही, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून जमतं.

जून २०२५ मध्ये एड्स/लाइफसायकलची शेवटची राइड झाली. वाढता खर्च आणि घटती संख्या याला कारण. तीस वर्षांत मिळून तीस कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली होती.

तेव्हा आपल्या गावातला कुणी नवशिका पहाटे सर्व्हिस रोडला लडखडत सायकल चालवताना दिसला, तर हसू नका. हॉर्न मारून कट मारू नका. तो देणगी मागायला आला की मात्र दोन गोष्टी जरूर विचारा. शंभरातले किती रुपये पेशंटपर्यंत जाणार? आणि हिशोब कधी, कुठं दाखवणार? नीट उत्तर मिळालं तर खिशात हात घाला. मिळालं नाही, तर आयोजकांना विचारा. पोराला नको, तो बिचारा अजून चढ शिकतोय.