ट्रोपोनिन तपासणी : पहिला रिपोर्ट नॉर्मल, तरी घाई नको

छातीत दुखलं की डॉक्टर ईसीजीसोबत रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. पण वाढायला काही तास लागतात. म्हणून गरजेनुसार रक्त पुन्हा घेतात.

‘नॉर्मल’ची मर्यादा निरोगी लोकांच्या रक्तावरून ठरते. बऱ्याच किटसाठी ते लोक अमेरिका-युरोपातले होते. स्त्रियांची मर्यादाही पुरुषांपेक्षा कमी असते. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या निम्म्या रुग्णांना पहिला झटका वयाच्या ५३ पर्यंतच आला होता. इतरत्र हे वय जवळपास ५९.

त्यामुळे वसई असो की विरार, अम्मीच्या छातीतलं दुखणं ‘गॅस असेल’ म्हणून आपण टाळू नये. १०८ ला फोन करावा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत घरी नेऊ नये.