कापसाची बंडी आणि भाराची जागा

यवतमाळच्या कापसाचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक रुळांवरून निघतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची निकड भासली. १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोहोचली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखालची अरुंद रुळांची गाडी मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळला आली. तिलाच पुढे लोक शकुंतला म्हणू लागले. हे सगळे खरे आहे, पण अपुरे आहे. शेतातून निघालेला कापूस स्टेशनपर्यंत, जिनिंगपर्यंत, बाजारापर्यंत नेला तो बंडीने, म्हणजे बैलगाडीने. ही गाडी नेमकी कशी भरली जाई, तिच्यावर काय काय बसवले जाई आणि भार कुठे टेकवला जाई, हा या जिल्ह्याच्या वाहतुकीचा गाभा आहे असे माझे म्हणणे आहे. रूळ त्याच्या भोवती आले.

रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या लदनीच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेत पाऊस लागला की माल भिजे. या वाहतुकीत सगळा भार जनावराच्या पाठीवर असे. बंडीने तो चाकांवर घेतला, पण सगळा नाही. दोन चाकांच्या गाडीत भाराचा एक हिस्सा जुवावाटे बैलांच्या मानेवर येतोच आणि तो किती यावा हे गाडीवानाच्या हातात असते. माल आखाच्या फार मागे गेला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळा आवळतो. फार पुढे आला तर माना दबतात. कापसात ही अडचण आणखी वाढते, कारण वेचलेला कापूस हलका आणि फुगीर. उघड्या साट्यावर तो थोडाच मावतो. म्हणून बाजूंना खुंट आणि बांबूच्या तट्ट्या उभ्या करायच्या, कापूस आत पायांनी तुडवून बसवायचा आणि वरून दोर आवळायचे. तट्ट्या पुढे फार आल्या तर वळणावर बैलांच्या पुठ्ठ्याला घासतात, मागे फार गेल्या तर गाडी उलार होते. आज अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आखाच्या वर, गूजनेक, म्हणजे लांब वाकड्या मानेचा, ट्रेलर जोडण्याचा गोळा बसवतात. तिथेही ट्रेलरची मान वळताना हौद्यातल्या पेटीला किंवा कठड्याला लागू नये, म्हणून प्रत्येक जोडसामानाची जागा विचारून ठरवावी लागते. यवतमाळच्या सुतार-लोहारांपुढे हाच प्रश्न लाकूड आणि बांबूच्या रूपात होता.

यावर कोणी म्हणेल की रेल्वे आल्यावर बंडी मागे पडायला हवी होती. ती टिकली ती केवळ गरिबीमुळे. गरिबीचा वाटा मी नाकारत नाही. पण जी.आय.पी.चे धामणगाव हे स्टेशन यवतमाळपासून २९ मैलांवर होते आणि ते अंतर रस्त्यानेच कापावे लागे. अरुंद रूळ शहरापर्यंत आल्यावरही ते गावोगावच्या शेतांपर्यंत गेले नाहीत, शिवाय मूर्तिजापूरला गाठी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवाव्या लागत. रेल्वेने बंडीचे काम उलट वाढवले. पुढे महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हा खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. तट्ट्या लावलेली बंडी तेव्हा शेतकऱ्याचे तात्पुरते कोठारही झाली. भाड्याचा ट्रक असा अडकून पडणे परवडले नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ही सारी कसरत बैलांच्या मानेवर चालली. ते खरे आहे, आणि जुवाने घासून मानेला पडलेल्या गाठी कौतुकाने झाकता येणार नाहीत. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी दुचाकी बैलगाडीवरील वजनाची मर्यादा घातली. बेअरिंगच्या गाडीला जेवढे चालते, त्याच्या निम्मेच रबरी टायर नसलेल्या गाडीला. टायरची बंडी आल्याने ओढ हलकी झाली, हे मोठे काम होते. पण हे नियम वजन मोजतात, ते कुठे ठेवले आहे ते मोजत नाहीत. मर्यादेतलेच वजन चुकीच्या जागी ठेवले तर मान तेवढीच सोलते. ते ज्ञान गाडीवानाकडे होते आणि त्याची नोंद फारशी कोणी केली नाही. ट्रॅक्टर आल्यावर ते निरुपयोगी ठरले, हेही मला मान्य नाही. एकाच आखाच्या ट्रॉलीच्या भाराचा काही हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकाच्या पिनेवर येतो. तो जास्त झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग हाती राहत नाही आणि या डोंगराळ जिल्ह्यातल्या चढावर ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका येतो. कापसासाठी ट्रॉलीचे कठडे उंच करणाऱ्या वेल्डरसमोर आजही जुनाच हिशेब आहे, फक्त मानेच्या जागी आता पिन आली आहे.