गुत्ता, परमिट रूम आणि पडदा : माणदेशातील सार्वजनिक बैठकीच्या जागांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

इंग्लंडमधील 'पब' हा शब्द 'पब्लिक हाऊस' या नावाचे संक्षिप्त रूप आहे. वस्तीतील माणसांनी सायंकाळी एकत्र बसावे, चार घास खावेत, पेला घ्यावा आणि खेळाच्या गप्पा माराव्यात, या सर्वांसाठी तेथे एकच छप्पर होते आणि त्या छपराचे नावच 'लोकांचे घर' असे होते. मराठी मुलखात या स्वरूपाची संस्था निर्माण झाली नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा परिसर, म्हणजेच माणदेशाचा मोठा भाग, येथे खाणे, पिणे आणि खेळ यांच्या जागा दीर्घकाळ वेगवेगळ्या राहिल्या. दूरचित्रवाणीच्या आगमनानंतरच त्या एकत्र येऊ लागल्या. हे वेगळेपण कसे घडले आणि एकत्र आलेल्या जागेतील 'सार्वजनिक' या शब्दाचा नेमका अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

खेळाची जागा : तालीम आणि फड

अवर्षणप्रवण माणदेशात करमणुकीची साधने मोजकीच होती. आठवडे बाजार, चावडी, देवळाचा पार आणि तालीम ही पुरुषांच्या एकत्र येण्याची ठिकाणे होत. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथोत्सवासारख्या यात्रा आणि गावोगावच्या जत्रांतील कुस्त्यांचे फड ही खेळ पाहण्याची मोठी निमित्ते होती. आटपाडीचा मुलूख औंध संस्थानात मोडत असे आणि औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते. या परिसरात शरीरकमाईला किती प्रतिष्ठा होती, हे व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीवरूनही कळते. त्या कादंबरीत तरुण शिक्षकाच्या पुढाकाराने गावकरी उभारतात ती वास्तू तालीमच आहे. तालमीच्या शिस्तीत मद्याला स्थान नव्हते. खेळ आणि पेला यांची फारकत येथपासूनच दिसते.

खाण्याची जागा : हॉटेल आणि खानावळ

ग्रामीण मराठीत 'हॉटेल' म्हणजे प्रामुख्याने चहा-भज्यांचे दुकान. एस.टी.चा थांबा, बाजारपेठ आणि हॉटेल यांची वाढ बरोबरीने झाली. मात्र ही जागा प्रारंभी सर्वांना सारखी खुली नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची प्रथा होती. शेजारच्या कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढण्यास साह्य केले आणि तेथे स्वतः चहा घेतला. एका पेल्याचा प्रश्न हा नागरिकत्वाचा प्रश्न असतो, याचे हे ठळक उदाहरण होय. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने उपाहारगृहातील प्रवेश व तेथील भांड्यांचा वापर नाकारणे हा गुन्हा ठरविला.

खानावळीचा इतिहास माणदेशाच्या बाहेर, स्थलांतरात शोधावा लागतो. पोटापाण्यासाठी सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेलेले गिरणी कामगार आणि माथाडी यांची कुटुंबे बहुधा गावीच राहत. गिरणगावात अशा एकट्या पुरुषांच्या जेवणाची सोय खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया करीत. या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. एकत्र जेवणाऱ्या पुरुषांच्या जागेमागे स्त्रीचे श्रम उभे होते. परंतु त्या पंगतीत ती वाढणारी होती, बसणारी नव्हती.

पिण्याची जागा : मक्त्यापासून परवान्यापर्यंत

मद्यपानाच्या जागेला मराठीत 'गुत्ता' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता किंवा ठेका असा आहे. म्हणजे ही जागा बैठकीवरून किंवा पेल्यावरून नव्हे, तर सरकारशी झालेल्या महसुली करारावरून ओळखली गेली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्याचे उत्पादन व विक्री यांवरील सरकारी नियंत्रण घट्ट केले आणि अबकारी हे महसुलाचे महत्त्वाचे साधन बनले. त्यामुळे गुत्त्याविरुद्धची चळवळ ही सरकारी तिजोरीविरुद्धचीही चळवळ ठरली. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीस विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात गुत्त्यांसमोर निरोधने झाली. सातारा-सांगली परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने १९४३ नंतरच्या काळात दारूबंदीला आपल्या ग्रामसुधारणेच्या कार्यक्रमात स्थान दिले.

स्वातंत्र्यानंतर हीच भूमिका राज्याची झाली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने मद्यपान हा परवान्याशिवाय करता न येणारा व्यवहार ठरविला आणि १९५० मध्ये राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधी व प्रसाधनद्रव्यांविषयीच्या काही तरतुदी रद्द केल्या, तथापि अधिनियमाचा गाभा कायम ठेवला. साठच्या दशकापासून बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेली. अधिनियम मात्र कायम राहिला. मद्यविक्री वाढली तरी पिणाऱ्याने परवाना बाळगावा, ही कायद्याची अपेक्षा सुटली नाही.

'परमिट रूम' हा मराठीत रुळलेला शब्द या इतिहासाचे अपत्य होय. देशी दारूच्या दुकानाचा परवाना सी.एल.-३ आणि परमिट रूमचा परवाना एफ.एल.-३ या नावांनी ओळखला जातो. बिअरसाठी २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ ही किमान वयाची अट आहे. गुत्ता आणि परमिट रूम ही दोन्ही नावे शासनाच्या दप्तरातून आलेली आहेत. इंग्लंडमधील जागेने आपले नाव लोकांपासून घेतले, तर येथील जागेने ते मक्ता व परवाना यांपासून घेतले. हा भेद केवळ भाषिक नाही. जी कृती तत्त्वतः निषिद्ध आणि व्यवहारतः अनुज्ञेय आहे, ती आडोशाला जाते. त्यामुळे पडदा, काळी काच आणि मंद दिवा ही या जागेची वास्तुवैशिष्ट्ये बनली. जागा कोठे असावी हेही राज्यसंस्थाच ठरवीत आली. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्रीस प्रतिबंध केला. लहान वस्त्यांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर करण्यात आले. महामार्गांलगतच्या धाब्यांना व बारना त्याची मोठी झळ बसली.

पडद्यासमोरची बैठक

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा, १९८३ मधील विश्वचषक विजय आणि त्यानंतर झालेला लघुशक्ती प्रक्षेपकांचा विस्तार यांमुळे दूरचित्रवाणी ग्रामीण भागापर्यंत पोहोचली. घरोघरी संच नसताना सामना पाहणे हा सामुदायिक अनुभव होता. ज्या हॉटेलात संच, तेथे गर्दी, हे समीकरण रूढ झाले. नव्वदच्या दशकात केबल आली आणि धाबा, बिअर बार, परमिट रूम येथेही पडदा लागला. येथे प्रथमच जेवण, मद्य आणि खेळ एकाच छपराखाली आले.

खेळ पाहण्याचा हक्क हा सार्वजनिक आहे, ही जाणीव याच काळात कायद्यात उतरली. १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २००७ च्या अधिनियमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला उपलब्ध करून देणे बंधनकारक केले. दृश्य सर्वांचे झाले. ते एकत्र बसून पाहण्याची जागा मात्र सर्वांची झाली नाही. परमिट रूममधील पडद्यासमोरची खुर्ची व्यवहारात पुरुषाचीच राहिली.

स्त्रिया आणि सार्वजनिकता

या जागेशी ग्रामीण स्त्रीचा संबंध ग्राहक म्हणून नव्हे, तर विरोधक म्हणून आला. २००८ च्या शासकीय आदेशाने गावातील किंवा प्रभागातील मद्यविक्रीबाबत गुप्त मतदानाची तरतूद स्पष्ट केली. 'उभी बाटली' म्हणजे दुकान चालू आणि 'आडवी बाटली' म्हणजे दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर नोंदणीकृत स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांची अट असल्याने ही लढाई अवघड होती. तरीही ज्या जागेत प्रवेश नाही, तिचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार स्त्रियांना येथे मिळाला. मजुरीचा पैसा घरी पोहोचण्याआधीच दुकानात संपतो, हा त्यामागील अनुभव होता.

माण तालुक्यात याला समांतर अशी दुसरी प्रक्रियाही घडली. म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून तिचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. बचतीची ही जागा स्त्रियांसाठी केवळ आर्थिक व्यवहाराची राहिली नाही, ती एकत्र येण्याचीही ठरली.

या दोन्ही इतिहासांची गाठ २०१६ मध्ये पडली. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी अंतिम फेरी गाठल्यानंतर धावपट्टीवरील शर्यतीत ही मजल मारणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय महिला होत. १५ ऑगस्ट २०१६ रोजी झालेल्या अंतिम शर्यतीत त्यांना दहावे स्थान मिळाले. तो स्वातंत्र्यदिन होता आणि राज्यात मद्यविक्रीस मनाई असलेला दिवस होता. माणच्या क्रीडा-इतिहासातील हा मोठा क्षण पडद्यावर आला, तेव्हा कायद्याने परमिट रूममध्ये पेला भरता येत नव्हता. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. त्या दिवशी पाहण्याजोगा खेळ होता आणि तो खेळणारी माणचीच लेक होती. त्याला पेल्याची गरज नव्हती.

समारोप

माणदेशात वस्तीतील 'पब' निर्माण न होण्याचे कारण केवळ दारिद्र्य किंवा सनातनी वृत्ती असे सांगता येत नाही. तालमीची नीती, जातिभेदाने विभागलेला चहाचा पेला, अबकारीचा मक्ता आणि परवान्याची अट यांनी खेळ, अन्न व मद्य यांच्या जागा वेगळ्या ठेवल्या. दूरचित्रवाणीने त्या जोडल्या, परंतु जोडलेल्या जागेत समाजाचा अर्धा भाग आलाच नाही. आता सामना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकट्याने पाहता येतो, त्यामुळे बैठकीची उरलीसुरली गरजही कमी होत आहे. अशा वेळी तंटा मद्याच्या दुकानापुरता मर्यादित ठेवणे अपुरे ठरेल. दुकान आडवे करणाऱ्या गावाने स्त्रीपुरुषांना, सर्व जातींच्या माणसांना निर्धास्तपणे एकत्र बसता येईल अशी कोणती जागा उभी केली, हा प्रश्न इतिहासाने अनुत्तरित ठेवला आहे. सार्वजनिकता परवान्याने मिळत नाही, तशी ती केवळ बंदीनेही साध्य होत नाही.